खुर्चीचेही पाय धुवा

दुकानात व्हीलचेअर दुरुस्तीला आली की मी ती आधी उलटी करतो. सीट खाली, चाकं वर. मग पुढच्या दोन लहान चाकांच्या आसाभोवती काय गुंडाळलं आहे ते बघतो. निपाणीत मुरगूड रोडवर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला ३८ वर्षं झाली. हँडल बघून सायकलवाल्याचा स्वभाव कळतो, तसं या आसावरून खुर्ची कुठून आली आणि तिथे कसं चाललं आहे ते आता मला कळतं.

गेल्या पावसाळ्यात बेळगावकडच्या एका वृद्धाश्रमातून पाच खुर्च्या टेम्पोत घालून आल्या. तक्रार एकच होती, चाकं फिरत नाहीत. पहिल्याच खुर्चीच्या उजव्या चाकातून मी पकडीने जे ओढून काढलं ते मूठभर भरलं. पांढरे केस, साडीचे दोरे, स्वेटरची लोकर, जखमेच्या पट्टीची सुतं, वाळलेली भाताची शितं, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारा काळा चिकट मळ. सीटच्या रेक्झिनला भेग गेली होती. भेगेतून बोट घातलं तर आतला फोम ओला लागला. तिसऱ्या खुर्चीच्या मागच्या मुठीचं रबर ओढून काढलं, तशी पोकळ नळीतून झुरळं बाहेर पडली.

छर्रे बदलून, ग्रीस भरून, ब्रेक आवळून खुर्च्या परत पाठवल्या असत्या तर माझं काम झालं असतं. पण त्या तशा पाठवायला हात धजला नाही. मी आणि दुकानातल्या पोराने पाचही खुर्च्या सुट्या करून धुतल्या. दुरुस्तीला लागला त्याच्या दुप्पट वेळ धुण्याला लागला. त्या दिवशी ठरवलं की याबद्दल लिहायचं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की डॉक्टरांचा खासगी दवाखाना डोळ्यांपुढे येतो. मी बोलतो आहे ते म्हाताऱ्या माणसांना कायमचं किंवा बरेच दिवस सांभाळणाऱ्या घरांबद्दल. कुणी त्याला वृद्धाश्रम म्हणतं, कुणी सेवाश्रम, कुणी शुश्रूषा केंद्र. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी, इकडे निपाणी, आणि हद्द ओलांडली की कागल, गडहिंग्लज या पट्ट्यात अशी घरं माझ्या डोळ्यांदेखत वाढली. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, गोव्याला. शेत वाट्याने दिलेलं. घरात एकटी आई, नाहीतर एकटे वडील. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या दुकानात वर्षाला एखादी व्हीलचेअर यायची. आता ज्या महिन्यात एकही आली नाही असा महिना आठवत नाही. वॉकर, कुबड्या, चार पायांच्या काठ्या वेगळ्याच.

या घरांत मी पुष्कळदा जातो. फरशी बहुतेक ठिकाणी स्वच्छ असते. सकाळी फिनेलचा वास येतो, चादरी बदललेल्या असतात, देवाच्या फोटोला ताजा हार असतो. आणि त्या स्वच्छ फरशीवरून फिरणारी खुर्ची वर्षानुवर्षं धुतलेली नसते. फरशी पुसणाऱ्या बाईला फरशी नेमून दिलेली असते, चादरी धोब्याकडे जातात, भांडी स्वयंपाकघराकडे असतात. खुर्ची कुणाच्याच यादीत नसते. आल्या-गेल्याला फरशी दिसते, म्हणून ती पुसली जाते. खुर्चीवर माणूस बसलेला असतो, म्हणून खुर्ची दिसत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याला चालता येत नाही, त्याची खुर्ची म्हणजे त्याचे पाय. आपल्याकडे बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय घरात शिरत नाही. दाराशी पाण्याचा तांब्या ठेवायची रीत आपल्या आज्यांनी पाळली, लग्नात जावयाचे पाय धुतले, वारीहून आलेल्या माणसाचे पाय धुतले. मग जे पाय संडासातून, अंगणातल्या चिखलातून, दवाखान्याच्या व्हरांड्यातून फिरून थेट जेवणाच्या खोलीत येतात, ते धुवायला आपल्याला कसं सुचत नाही?

हे मला माझ्या आईमुळे कळलं, आणि उशिरा कळलं.

माझी आई निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. त्या वखारींतल्या बायकांचं जगणं आणि त्यांची लढाई यावर १९८२ साली 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने माहितीपट केला होता. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना वखारीतली धूळ सांगायला नको. नाकातोंडात, केसांत, पदरात, बोटांच्या पेरांत तंबाखू. आई संध्याकाळी घरी यायची आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबायची. "बाळ, पाणी आण," म्हणायची. पाय, हात, तोंड, मान, सगळं बाहेर धुऊन झाल्यावर ती आत यायची, आणि मग आम्हाला जवळ घ्यायची. धाकटा कितीही रडत असला तरी आधी पाणी, मग पोर. डॉक्टरांनी तिला हे शिकवलं नव्हतं. आपल्या अंगावरचं पोराच्या अंगात जाऊ नये एवढं तिला कळत होतं.

या बाईला वयाच्या ७८ व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. माझ्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालेलं, घरात उचलायला माणूस नाही. म्हणून आम्ही तिला एका खासगी शुश्रूषा केंद्रात ठेवलं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण माझं भांडण त्या एका संस्थेशी नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. औषधं वेळेवर दिली जायची, जेवण बरं होतं, आईशी कुणी कधी चढ्या आवाजात बोललं नाही. मी दर रविवारी जायचो. आठव्या-नवव्या रविवारी आई म्हणाली, "खुर्चीला वास येतोय रे." जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. मी म्हटलं, "नाही गं आई, दवाखान्याचा वास आहे तो." पुढच्या रविवारी ती परत तेच म्हणाली. मला वाटलं, झटक्यानंतर होतात असे भास.

एकदा तिच्या खुर्चीचं पुढचं चाक अडकलं. व्यवस्थापक म्हणाले, "तुमचं दुकानच आहे, तुम्हीच करून आणता का?" मी खुर्ची घेऊन आलो. सीट सोडवली आणि माझे हात थांबले. रेक्झिनखालचा फोम काळा पडला होता. कितीतरी माणसांची लघवी त्यात मुरली होती. आईच्या आधी ती खुर्ची आणखी कुणाची होती, त्याच्या आधी आणखी कुणाची. हत्त्याखालच्या खोबणीत मुंग्यांची रांग लागली होती. माझ्या आईला आयुष्यात पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडता आला नाही, तिला आम्ही रोज आठ तास त्यावर बसवत होतो. तिच्या पाठीच्या खाली, माकडहाडापाशी, कातडी लाल होऊन सोलली होती. मला ते आदल्या रविवारी सांगितलं होतं, "थोडी जखम आहे, पावडर लावतो."

ती जखम नुसत्या खुर्चीमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. एका जागी बसून राहिलं की दाबाने कातडी मरते, हे मला माझ्या बहिणीने समजावलं. पण ओली कातडी लवकर फाटते, आणि फाटलेल्या कातडीला घाणेरडी बैठक मिळाली की जखम चिघळते, हेही तिनेच सांगितलं. आई आता नाही. वास येतोय म्हणाली तेव्हा खाली वाकून बघितलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्याबरोबर राहिला आहे.

माझी थोरली बहीण सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, निवृत्त झाली. तिला सगळे अक्का म्हणतात. पुढचं सगळं शिक्षण मला तिने दिलं. ती म्हणाली, "जंतू काय फक्त जखमेत आणि खोकल्यातच असतात होय रे? कोरड्या लोखंडावर, रेक्झिनवरसुद्धा काही जंतू आठवडेच्या आठवडे, काही तर महिनोन्महिने जगतात. औषधांना न जुमानणारे जंतू तर दवाखान्यातून डिस्चार्ज झालेल्या माणसाबरोबर सरळ आश्रमात येतात आणि मुठीवर, हत्त्यावर, चाकाच्या रिंगवर बसतात."

रिंग हा शब्द ऐकला आणि मला एकदम चित्र दिसलं. मोठ्या चाकाच्या बाहेर एक गोल नळी असते, ती हाताने ढकलून माणूस आपली खुर्ची आपण पुढे नेतो. ती नळी टायरपासून बोटभर अंतरावर. टायर संडासातून येतो. त्याचं पाणी, त्याचा चिखल रिंगवर उडतो. रिंग हातात येते. आणि आपण जेवतो हाताने. जोंधळ्याची भाकरी मोडायची, आमटीत बुडवायची, बोटं चाटायची. चमच्याने जेवणाऱ्या मुलखापेक्षा आपल्याला ही रिंग जास्त जपायला हवी. जेवणाआधी म्हाताऱ्यांचे हात धुऊन घेतात त्या चांगल्या संस्थांतही मी बघितलं आहे, बेसिनपाशी हात धुतले जातात आणि तेच धुतलेले हात रिंग धरून जेवणाच्या टेबलापर्यंत येतात. हात धुण्याचं सगळं पुण्य त्या दहा पावलांत जातं.

आमच्या निपाणी भागात त्यात आणखी एक भर असते. कित्येक म्हाताऱ्यांना तंबाखूची सवय. तळहातावर तंबाखू-चुना मळायचा आणि तोच हात वॉकरच्या मुठीवर ठेवायचा. चुना, थुंकी, घाम यांचा थर मुठीच्या खाचांत घट्ट बसतो. तो फडक्याने निघत नाही, ब्रशच लागतो. १९८१ च्या आंदोलनात तंबाखूच्या दरासाठी महामार्गावर ठाण मांडून बसलेले एक शेतकरी आजोबा आता वॉकरवर आहेत. त्यांच्या मुठी मी ब्रशने घासून दिल्या तेव्हा खालचा मूळ निळा रंग दिसला. आजोबा कितीतरी वेळ त्या मुठीकडे बघत राहिले. म्हणाले, "नवी दिलीस व्हय?"

अक्का सांगते, १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींना तपासण्याआधी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. जंतू नावाची गोष्ट तेव्हा कुणी नीट सिद्धही केली नव्हती. पुष्कळ डॉक्टरांना ते पटलं नाही, कारण आपलेच हात रोग पोहोचवतात हे मान्य करणं जड गेलं. आज कुठल्याही संस्थाचालकाला "तुमच्या खुर्च्या रोग पोहोचवतात" म्हटलं तर तसंच जड जातं. पण रागावून खुर्ची स्वच्छ होत नाही.

आता माझ्या हातच्या कामाबद्दल. खुर्ची धुणं आणि खुर्ची दुरुस्त करणं ही दोन कामं नाहीत, ते एकच काम आहे. फाटकं रेक्झिन धुता येत नाही. पाणी आत जातं, फोम ते पितो आणि आतल्या आत कुजतो. भेगेवर चिकटपट्टी मारली तर पट्टीच्या कडेला मळ धरतो. फाटलेली सीट बदलायचीच असते, आणि निपाणी-बेळगावात सोफ्याचं नाहीतर गाडीच्या सीटचं काम करणारा कुणीही कारागीर ती शिवून देतो. मुठीचं रबर तडकलं की बदलायचं. नळ्यांच्या उघड्या तोंडांना टोपणं बसवायची, म्हणजे झुरळांना घर मिळत नाही. गंजलेला भाग घासून रंगवायचा, कारण गंजाच्या खडबडीत पापुद्र्यात घाण अडकते आणि फडकं ती काढू शकत नाही.

ही जी घडीची खुर्ची सगळीकडे दिसते, ती अमेरिकेत १९३० च्या दशकात हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोघांनी पुढे आणली. एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेले, जेनिंग्ज इंजिनिअर. मोटारीत मावावी म्हणून त्यांनी सीटखाली कात्रीसारख्या दोन नळ्या बसवल्या. तेव्हापासून घडीची खुर्ची मुळात तशीच आहे, आणि तिची सगळ्यात घाण जागा म्हणजे त्या कात्रीचा मधला सांधा. वरून काही दिसत नाही. खुर्ची अर्धी मिटवली की दिसतं. धुणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच शिकवतो.

आणि हे नुसतं रोगाचं प्रकरण नाही, पडण्याचंही आहे. ब्रेकचा दांडा टायरला दाबून खुर्ची थांबवतो. टायरवर तेलकट मळ असला, सांध्यात केस अडकले असले, की दांडा पूर्ण बसत नाही. आजी उठायला जाते, खुर्ची मागे सरकते. वॉकरच्या पायांच्या रबरी टोपणांच्या खाचा चिखलाने भरल्या की ओल्या फरशीवर ते टोपण साबणासारखं घसरतं. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस पुन्हा पहिल्यासारखा उभा राहत नाही, हे प्रत्येक घराला माहीत आहे.

कसं धुवायचं, ते अक्काच्या आणि माझ्या अनुभवातून सांगतो.

रोज, जेवणाच्या आधी, रिंग, मुठी, हत्ते आणि ब्रेकचे दांडे साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचे, मग साध्या पाण्याच्या फडक्याने, मग कोरड्याने. एका खुर्चीला पाच मिनिटं पुरतात. संडास पुसायचं फडकं यासाठी वापरायचं नाही, या फडक्याचा रंगच वेगळा ठेवायचा.

एका माणसाची खुर्ची दुसऱ्याला द्यायची असेल, किंवा तिच्यावर लघवी, संडास, उलटी सांडली असेल, तर आधी साबणाने घाण पूर्ण काढायची आणि मगच क्लोरीनचं द्रावण लावायचं. घाणीवर क्लोरीन ओतला तर तो घाणीतच संपून जातो, जंतूंपर्यंत पोहोचत नाही. सोडियम हायपोक्लोराइट पाच टक्क्यांचं असेल तर एक लिटर द्रावणाला २० मिलिलिटर पुरतं, बाकीचं पाणी. रक्त सांडलं असेल तर जास्त कडक द्रावण लागतं, ते सिस्टरला विचारून करावं. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. मग साध्या पाण्याने पुसून लगेच कोरडं करायचं, कारण हे पाणी लोखंडावर राहिलं तर मी महिनाभरात गंज दाखवतो. द्रावण रोज ताजं करायचं, हातमोजे घालायचे. आणि संडासच्या ॲसिडबरोबर ते कधीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये, सगळ्यांनी सॅनिटायझरचे फवारे मारले. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या कितीतरी खुर्च्यांचं रेक्झिन कडक होऊन तडकलं होतं. शिवाय जुलाबाचे काही जंतू असे असतात की त्यांना अल्कोहोल काहीच करत नाही, साबणाने घासणं आणि क्लोरीन हेच लागतं. म्हणून बाटली फवारून समाधान मानू नये.

आठवड्यातून एकदा खुर्ची उलटी करायची. पुढच्या चाकांतले केस-दोरे लहान चिमट्याने काढायचे, चाकं ब्रशने घासायची, सांधा पुसायचा, गादीची खोळ धुवायची. पाइप लावून जोराचं पाणी मारायचं नाही. छर्ऱ्यांतलं ग्रीस निघून जातं आणि चाक धरतं. महिन्यातून एकदा कुणा कारागिराला दाखवायची. बेळगाव-खानापूरकडे जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही. तेव्हा खुर्ची पंख्याखाली वाळवायची, दमट कोपऱ्यात मिटवून ठेवली तर आठ दिवसांत बुरशी येते. तांबड्या मातीचा चिखल असो की आमच्याकडची काळी माती, दाराशी एक घमेलं पाणी आणि एक ब्रश ठेवला तर तोच खुर्चीचा पाय धुवायचा तांब्या.

कुणी म्हणेल, माणसं कुठे आहेत एवढं करायला? खरं आहे. या घरांत काम करणाऱ्या मावशी सकाळी सहापासून राबतात. अंघोळी, डायपर, भरवणं, औषधं. त्यांच्यावर बोट रोखायला मी लिहीत नाही. एका मावशीला मी विचारलं, "खुर्च्या कोण धुतं?" ती म्हणाली, "अण्णा, सांगितलं तर मी धुईन की. पण मला कुणी सांगितलंच नाही." सगळ्यांचं काम म्हणून सोडलेलं काम कुणाचंच नसतं. भिंतीवर एक तक्ता लावा, खुर्चीला नंबर द्या, त्या नंबरापुढे माणसाचं नाव आणि वार लिहा. आणि तो तक्ता मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लिहा. आमच्या भागात एकाच खोलीत खानापूरची मराठी मावशी आणि गोकाककडची कन्नड मावशी एकत्र काम करतात. पाण्याला एक पाणी म्हणते, दुसरी नीरू. धुवायला एक धू म्हणते, दुसरी तोळी. खुर्चीला मात्र कन्नडमध्येही कुर्चीच म्हणतात. ही कुर्ची दोघींची आहे.

आता देणाऱ्यांबद्दल. आपल्याकडे दानाची कमी नाही. आईच्या वर्षश्राद्धाला, वडिलांच्या पंच्याहत्तरीला माणसं आश्रमाला खुर्ची देतात. पाठीवर रंगाने लिहिलेलं असतं, अमक्यांच्या स्मरणार्थ. मी अशा खुर्च्या दुरुस्त केल्या आहेत, ज्यांच्या पाठीवरचं नाव अजून ठळक आहे आणि खालची सीट कुजली आहे. ज्या आईच्या नावाने खुर्ची दिली, तिला त्या खुर्चीवर बसवलं असतं का, हे देणाऱ्याने वर्षातून एकदा येऊन बघावं. नवी खुर्ची देण्याऐवजी दहा जुन्या खुर्च्यांच्या सीटा बदलून देणं, दोन जादा खोळी शिवून देणं, हेही दानच आहे. बेळगावजवळ बामणवाडीच्या 'शांताई' वृद्धाश्रमाशी जोडलेल्या माणसांनी, माजी महापौर विजय मोरे यांच्या पुढाकाराने, घरोघरची रद्दी गोळा करून गरजू मुलांच्या शिक्षणाला पैसा उभा केला. लोकांच्या माळ्यावर पडलेल्या कागदातून हे होऊ शकतं, तर या भागातल्या सायकलवाल्यांच्या एका रविवारातून खुर्च्या नक्की स्वच्छ होऊ शकतात.

सरकारनेही यात हात घातला पाहिजे. ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर मोफत देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी ही साधनं पुरवते आणि वर्षभर मोफत देखभालीची त्यात सोय आहे. ते वर्ष संपल्यावर खुर्चीला वाली नसतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम १९ आहे. टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकारने उभारावा आणि अशा आश्रमांतल्या सोयींचा दर्जा ठरवावा, अशी त्यात तरतूद आहे. ज्येष्ठांना सांभाळणाऱ्या खासगी संस्थांचीही नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. ते मंजूर झालं नाही, आणि २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच संपलं. सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेला गुण आणि बक्षीस देणारी कायाकल्प योजना २०१५ पासून चालू आहे. तशीच गुणपत्रिका वृद्धाश्रमांना लागू करायला काय हरकत आहे? बेळगाव जिल्हा प्रशासनाने आपल्या हद्दीत सुरुवात करावी, कोल्हापूरने आपल्या. त्या गुणपत्रिकेत एक ओळ खुर्ची, वॉकर आणि काठीच्या स्वच्छतेची असावी, आणि तपासायला येणाऱ्याने फरशीवरून नजर उचलून खुर्ची उलटी करून बघावी.

ज्या आश्रमातून त्या पाच खुर्च्या आल्या, त्यांनी आता तक्ता लावला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आणि माझा पोरगा पाना, ब्रश, ग्रीसचा डबा घेऊन तिथे जातो. पहिल्या वेळी दोघांना सगळी सकाळ लागली. मागच्या महिन्यात दीड तासात आटपलं, कारण मावशींनी आठवडाभर हात फिरवलेला होता. चाकांतून निघालेले केस चिमटीत मावले.

तुमचं कुणी अशा घरात असेल तर पुढच्या भेटीला फळांची पिशवी बाजूला ठेवा आणि पाच मिनिटं गुडघ्यावर बसा. सीटखाली हात घालून बघा. रिंगवरून पांढरा रुमाल फिरवा. पुढच्या चाकात डोकावा. घाण दिसली तर भांडू नका, पाणी मागा आणि मावशीच्या सोबतीने धुवा. आणि तुमचं म्हातारं माणूस "खुर्चीला वास येतोय" म्हणालं, तर ते खरं सांगतंय असं समजा.

त्यांनी आपले पाय धुतले तेव्हा आपल्याला चालताही येत नव्हतं.